'ओन्ली' आणि आपला 'च'

गेल्या वर्षी लेकीच्या शाळेत पालकसभा होती. बंगळुरूची शाळा, त्यामुळे बोलणं सगळं इंग्रजीत. वर्गशिक्षिकेने विचारलं, "हिला उत्तरं येत असतात, पण हात वर करत नाही. असं का?" मी पटकन बोलून गेले, "शी इज लाइक दॅट ओन्ली, मॅम. ॲट होम ऑल्सो."

टेबलाखाली लेकीचा बूट माझ्या पायावर आला. मॅम मूळच्या कोईम्बतूरच्या. त्या मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "माय सन इज ऑल्सो लाइक दॅट ओन्ली." पुढची दहा मिनिटं आम्ही दोघी आपापल्या अबोल मुलांबद्दल बोलत बसलो.

रिक्षात बसल्यावर लेकीने तोंड उघडलं. "आई, प्लीज, शाळेत 'ओन्ली' नको ना म्हणत जाऊस. हसतात सगळे."

"कोण सगळे? तुझ्या मॅमसुद्धा तसंच म्हणाल्या की!"

"त्या तुझ्यासाठी म्हणाल्या."

हे लागलं मला. म्हणजे बाईंनी माझी चूक झाकायला तशीच चूक मुद्दाम केली? बाई तशा असतीलही. पण मला वाटतं, त्या तमिळमध्ये विचार करत होत्या आणि मी मराठीत. आमची गाठ पडली ती 'ओन्ली'वर. त्या दिवसापासून मी या एका शब्दाच्या मागे लागले. तो इंग्रजीत काय काय करतो, आणि आपल्या तोंडी आल्यावर मागे जाऊन का बसतो, हे मला समजून घ्यायचं होतं.

शब्द तसा साधा. त्याच्या पोटात 'एक' आहे. जुन्या इंग्रजीत एकाला 'आन' म्हणत. त्याला 'सारखा' अशा अर्थाचा प्रत्यय लागून 'एकासारखा', म्हणजे एकटा, एकमेव, असा शब्द तयार झाला, आणि त्याचा पुढे 'ओन्ली' झाला. 'अलोन' हाही त्याच घरातला. तो मुळात 'ऑल वन', पुरता एकटा. पुढे आकड्याचा उच्चार बदलून 'वन' झाला, पण 'ओन्ली' आणि 'अलोन' यांनी जुना 'ओ' जपून ठेवला. मराठीत 'एक'वरून 'एकुलता' आला, त्याचीच ही तिकडची भावंडं. 'ओन्ली चाइल्ड' म्हणजे एकुलतं मूल, हे भाषांतर किती चपखल बसतं ते यावरून कळावं.

तेव्हा 'ओन्ली'चं पहिलं काम म्हणजे बाकीच्यांना बाहेर ठेवणं. फक्त, केवळ, नुसतं. इथवर सगळं सोपं आहे. अडचण येते ती त्याला वाक्यात कुठे बसवायचं याची.

एक वाक्य घेऊ. सुमनने काल रवीला शंभर रुपये दिले. मराठीत ठसा कुठे द्यायचा ते आपण एका अक्षराने सांगतो. सुमननेच दिले, म्हणजे दुसऱ्या कुणी नाही. कालच दिले, रवीलाच दिले, शंभरच दिले. आणि 'दिलेच' म्हटलं की सगळा वाद मिटला. 'च' ज्या शब्दाला चिकटतो, जोर त्याच्यावरच. शंकेला जागा नाही.

इंग्रजीत 'ओन्ली' असा चिकटत नाही, तो मोकळा फिरतो. "सुमन ओन्ली गेव्ह रवी अ हंड्रेड रुपीज यस्टरडे" असं वाक्य कागदावर दिसलं, तर शंभरच दिले, रवीलाच दिले की कालच दिले? बोलताना इंग्रज माणूस आवाज चढवून ते दाखवतो. कागदाला आवाज नसतो. म्हणून तिकडच्या व्याकरणकारांनी यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. पुढे लंडनचे बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथ यांनी १७६२च्या आपल्या व्याकरणात बजावलं, की हा शब्द ज्याच्याबद्दल असेल त्याच्या शेजारीच ठेवावा. शाळांनी तो नियम उचलला. मग १९२६मध्ये फाउलर यांच्या प्रसिद्ध कोशाने त्या कडकपणाची टर उडवली: अर्थ कळत असेल, तर शब्द जिथे सहज येतो तिथे येऊ द्यावा, उगाच पंडितगिरी कशाला? म्हणजे 'ओन्ली' नेमका कुठे ठेवायचा यावर खुद्द त्यांचंही एकमत नाही. हे वाचून मला बरं वाटलं, हे कबूल करते.

मागचा 'ओन्ली'

आता आपल्याकडे या. 'मी इथेच आहे' हे बाकीच्या भाषांत कसं म्हणतात, ते आमच्या इमारतीत विचारलं तरी पुरतं. हिंदीत 'यहीं', गुजरातीत 'अहीं ज', कोकणीत 'हांगाच', बंगालीत 'एखानेइ', कन्नडमध्ये 'इल्ले', तेलुगूत 'इक्कडे', तमिळमध्ये 'इंगेदान', मल्याळममध्ये 'इविडेत्तन्ने'. एकही भाषा जोराचा शब्द आधी आणत नाही. आधी 'इथे', मग 'च'. उत्तरेच्या भाषा आणि दक्षिणेच्या भाषा वेगवेगळ्या कुळांतल्या, पण या बाबतीत सगळ्यांची चाल एक. ज्ञानेश्वरीत हा 'च' 'चि' होऊन जागोजागी भेटतो. संस्कृतातला 'एव'ही मागेच लागायचा. आपल्या राष्ट्रीय बोधवाक्यातलं 'सत्यमेव' म्हणजे 'सत्यच'.

अशा सवयीची माणसं इंग्रजी बोलायला लागली, तेव्हा त्यांनी 'च'साठी जवळचा शब्द शोधला, आणि तो सापडल्यावर 'च'च्या जागी नेऊन ठेवला. 'आय ॲम हिअर ओन्ली.' म्हणून तर काश्मीरचा माणूस आणि केरळचा माणूस, एकमेकांची भाषा येत नसताना, एकच 'ओन्ली' बोलतात आणि दोघांनाही तो बरोबर कळतो. भारतीय ग्राहकावरच्या आपल्या पुस्तकाला रमा बिजापूरकर यांनी 'वुई आर लाइक दॅट ओन्ली' असं नाव दिलं, तेव्हा इथल्या वाचकाला ते समजावून सांगावं लागलं नसणार. आम्ही असेच, घ्या!

पण जागेपेक्षा मोठा फरक अर्थात आहे, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. आपला 'च' दोन कामं करतो. एक, बाकीच्यांना वगळणं: 'शंभरच दिले.' दुसरं, नुसतं ठसवणं: 'ती तशीच आहे', 'आम्ही साताऱ्याचेच', 'अहो, आत्ताच आले.' आम्ही साताऱ्याचेच म्हणताना कोल्हापूर वगळायचं नसतं; 'तुम्हाला वाटलं तसंच' एवढंच सांगायचं असतं. इंग्रजी 'ओन्ली'कडे मुख्यतः पहिलं काम. आपण त्याच्यावर दुसरंही सोपवलं. परक्या कानाला मग 'आय ॲम हिअर ओन्ली' विचित्र लागतं: इथेच? म्हणजे दुसरीकडे कुठे असायला हवी होतीस?

गंमत म्हणजे ठसवणारा 'ओन्ली' इंग्रजांच्या घरीही आहे, फक्त तो माजघरात असतो, दिवाणखान्यात येत नाही. ब्रिटनमध्ये अनपेक्षित काही घडलं की बोलीत म्हणतात, "ही हॅज ओन्ली गॉन अँड वन इट!" यात 'फक्त' कुठेही नाही. अर्थ आहे, पठ्ठ्याने जिंकलंच की! हा सरळ सरळ क्रियापदाला लागलेला आपला 'च' आहे. 'ओन्ली टू ग्लॅड' म्हणजेही 'फक्त आनंद' नव्हे. आनंदच आनंद, अगदी खुशीने.

आणि मागे बसण्याचंही त्यांना वावडं नाही. 'लेडीज ओन्ली', 'स्टाफ ओन्ली', मलमाच्या ट्यूबवरचं 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली', सगळीकडे तो शेवटीच. चेकवर आपण लिहितो 'रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली'. तिथला 'ओन्ली' तर कुलूपच आहे. रक्कम संपली, आता पुढे कुणी काही जोडायचं नाही. मराठीतही आपण 'रुपये पाच हजार फक्त' किंवा 'मात्र' लिहितो, आणि त्यात पाच हजारांना कमी लेखण्याचा हेतू नसतो. (लग्नाच्या पाकिटावर मात्र 'फक्त' लिहू नये. आमच्या एका काकांनी बँकेच्या सवयीने लिहिलं होतं, त्याची आठवण अजून निघते.)

म्हणून 'हे अडाण्यांचं इंग्रजी' असं कुणी म्हटलं, तर ते मला मान्य नाही. यात नियम आहे आणि तो कोट्यवधी लोक न शिकवता पाळतात. 'ओन्ली आय ॲम हिअर' असं चुकून म्हणणारा भारतीय मला अजून भेटलेला नाही.

जिथे तो महागात पडतो

पण लेकीचं बोलणं मला इतकं का लागलं, त्याला जुनं कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षात मी एका परदेशी ग्राहकाला ईमेल पाठवला होता. फाइलमध्ये चूक निघाली होती, ती दुरुस्त करून द्यायची होती. मी लिहिलं, "वुई विल सेंड द करेक्टेड फाइल टुमॉरो ओन्ली." माझ्या मनात होतं, उद्याच पाठवतो, अजिबात उशीर करणार नाही. इतकं तत्पर वाक्य मी त्या महिन्यात दुसरं लिहिलं नसेल. त्याने वाचलं, उद्याशिवाय मिळणार नाही. उत्तर आलं ते थेट माझ्या साहेबांना: यांना आज का जमत नाही?

साहेबांनी ते ईमेल मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. 'ओन्ली' शब्दावर थांबून, चश्म्यावरून माझ्याकडे बघत. सगळे हसले. (हेच साहेब फोनवर दिवसातून दहादा 'कम नाऊ ओन्ली' म्हणायचे, पण ते कुणी वाचून दाखवत नव्हतं.) पुढचे कित्येक महिने मी प्रत्येक ईमेल शेजारच्या मुलीला दाखवल्याशिवाय पाठवलं नाही, आणि मीटिंगमध्ये विचारल्याशिवाय बोलले नाही. घरीसुद्धा अशीच आहे म्हणून मी जिची तक्रार केली, ती लेक कुणावर गेली आहे ते तुम्ही ओळखलं असेल.

आज त्या वाक्याकडे बघते तेव्हा कळतं, की घोळ फक्त इंग्रजीचा नव्हता. 'उद्याच' हा शब्द मराठीतही दुधारी आहे. दवाखान्यात कुणी सांगितलं, "डॉक्टर उद्याच येतील," तर आज वाट बघत बसलेल्याचं तोंड उतरतं आणि पुढच्या आठवड्याची भीती असलेल्याला हायसं वाटतं. आपण सांगणाऱ्याच्या सुरावरून अर्थ लावतो. ईमेलला सूर नाही, आणि वाचणाऱ्याच्या कानात 'च' नाही. त्याच्याकडे 'ओन्ली'चा एकच अर्थ उरतो, तोही नेमका आपल्या मनातल्याच्या उलट. वेळ, पैसे आणि औषध या तीन ठिकाणी तरी मागचा 'ओन्ली' मी आता वापरत नाही. 'बाय टुमॉरो इव्हनिंग' लिहिते, किंवा सरळ तास घालते.

एका 'च'साठी किती शब्द

रिक्षातल्या त्या भांडणानंतर दोन दिवसांनी लेकच वही घेऊन आली. "मग 'हे चित्र मीच काढलं' हे इंग्रजीत कसं म्हणायचं?" तिने स्वतः केलेलं वाक्य होतं 'ओन्ली आय ड्रू इट', म्हणजे बाकी कुणीच काढलं नाही, मी एकटीने. तिला सांगायचं होतं वेगळंच. शिक्षिकेला शंका होती की चित्र आईने काढून दिलं. तिथे हवं 'आय ड्रू इट मायसेल्फ'. आणि भिंतीवर रेघोट्या कुणी मारल्या, या प्रश्नावर खरं बोलायचं असेल तर 'इट वॉज मी'. दोन्हींचं मराठी 'मीच'.

मग आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पानामागे लिहीत गेलो, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की एका अक्षराचं काम करायला इंग्रजीला किती माणसं लावावी लागतात. 'इथेच थांब' म्हणजे 'राइट हिअर'. 'आत्ताच निघ' म्हणजे 'राइट नाऊ', पण 'आत्ताच आले'मध्ये 'राइट' चालत नाही, तिथे 'जस्ट' हवा. 'त्याच दिवशी'साठी 'दॅट व्हेरी डे'. हा 'व्हेरी' मुळात लॅटिनमधल्या 'खरा' या अर्थाच्या शब्दावरून फ्रेंचमार्गे आला. 'खूप' हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. 'सांगितलंच होतं तुला'मधला 'च' क्रियापदावर आहे, म्हणून तिथे मदतीचं क्रियापद पुढे येतं आणि त्याच्यावर जोर: 'आय डिड टेल यू.' 'मलाच का?' याला 'व्हाय मी, ऑफ ऑल पीपल?' असं लांबलचक शेपूट. आणि 'ती तशीच आहे'? 'दॅट्स जस्ट हाऊ शी इज.' हे मी पालकसभेत म्हटलं असतं तर व्याकरण सांभाळलं असतं, पण मॅम आपल्या मुलाबद्दल बोलल्या असत्या की नाही, कुणास ठाऊक.

'असंच'ने आम्हाला सगळ्यात जास्त दमवलं. "का आलीस?" "असंच." आपण याला 'जस्ट लाइक दॅट' म्हणतो आणि आपल्यात ते चालतं. तिकडे 'जस्ट लाइक दॅट' म्हणजे एकाएकी, चुटकीसरशी. 'ही लेफ्ट, जस्ट लाइक दॅट' म्हणजे तो सहज निघाला असं नाही, तर बघता बघता, काही न सांगता निघून गेला. सहज आलेल्या पाहुण्याने 'नो रीझन' म्हणावं.

'ओन्ली'च्या आणखी एका जोडीपाशी थोडं थांबायला हवं, कारण ती मुलांपेक्षा मोठ्यांच्या कामाची आहे. 'ओन्ली इफ' आणि 'इफ ओन्ली'. शब्द तेच, नुसती अदलाबदल, आणि अर्थाचं टोक बदलतं.

'ओन्ली इफ' म्हणजे 'तरच'. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत अशी अट असते, की रुग्ण किमान सलग २४ तास रुग्णालयात दाखल असेल तरच खर्च मिळेल. ठरावीक डे-केअर उपचार तेवढे त्यातून वगळलेले. घाईत वाचणारा 'इफ' वाचतो, 'ओन्ली' सोडून देतो, आणि 'तर'चा 'तरच' झालेला त्याला बिलाच्या खिडकीशी कळतो. कागद इंग्रजीत असेल तेव्हा असं प्रत्येक वाक्य मनातल्या मनात मराठीत वाचून बघावं. 'च' आला की बोट तिथे ठेवावं आणि पुढची अट पुन्हा वाचावी. सासूबाईंच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेआधी आम्ही तसं वाचलं, म्हणून मोतिबिंदू त्या डे-केअरच्या यादीत आहे हे आधीच पाहून ठेवता आलं.

'इफ ओन्ली' मात्र अटीचं नाहीच, हळहळीचं आहे. 'इफ ओन्ली ही वेअर हिअर.' आज ते असते तर! इंग्रजीत हे वाक्य पुष्कळदा अर्धंच सोडतात, आणि आपणही 'असते तर...' म्हणून गप्प बसतो. माझे वडील पोस्टात होते. दिवसभर फॉर्म इंग्रजीत भरून द्यायचे, पण बोलायची वेळ आली की मागे सरायचे. बंगळुरूला पहिल्यांदा आले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या कन्नड आजोबांशी त्यांचं कसं जमणार, याची मला काळजी होती. दुसऱ्या दिवशी जिन्यातून आवाज आला, "यू सिट हिअर ओन्ली, आय विल ब्रिंग टी." पुढे दोन तास ते दोघं पेन्शनवर बोलत होते.

लेकीबरोबर तह झाला आहे. बाहेरच्या ईमेलमध्ये मी 'ओन्ली' तपासून घालायचा आणि पालकसभेत तिने माझ्या पायावर पाय द्यायचा नाही. ती सध्या माझ्या 'ॲट होम ऑल्सो'वर टपून बसली आहे. तो आपला 'सुद्धा' आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.